शिकवणाऱ्याची खुर्ची

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात अमेरिकी हवाई दलाचा एडवर्ड्स तळ आहे. ८ डिसेंबर १९६७ रोजी तिथून एफ-१०४डी जातीचं दोन आसनांचं जेट विमान सरावासाठी उडालं. पुढच्या आसनावर शिकणारा वैमानिक होता, हुद्द्यानं मेजर. मागच्या आसनावर शिकवणारे होते, तेही मेजर: रॉबर्ट हेन्री लॉरेन्स, वय ३२. उंचावरून, इंजिनाची जवळजवळ काहीच मदत न घेता, खड्या उतारानं खाली यायचं आणि धावपट्टीवर उतरायचं, एवढाच त्या दिवशीचा पाठ होता. शेवटच्या टप्प्यात विमानाचं नाक वर उचलायला उशीर झाला. विमान धावपट्टीवर आदळलं, चाकं मोडली, आग लागली आणि विमान घसरत कलंडलं. पुढचा वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकला गेला आणि जबर जखमी होऊन वाचला. लॉरेन्स वाचले नाहीत.

हा अपघात समजून घ्यायचा तर काही प्रश्नांची उत्तरं क्रमानं शोधावी लागतात. इतक्या खड्या उतारानं उतरायला शिकायचं कशासाठी? तसं उतरताना नेमकं काय घडतं? थोडासा उशीर जिवावर का बेततो? आणि एकाच विमानातल्या दोघांपैकी एक का वाचतो?

लॉरेन्स कोण होते

लॉरेन्स शिकागोचे. जन्म २ ऑक्टोबर १९३५. सोळाव्या वर्षी हायस्कूल संपवलं. विसाव्या वर्षी ब्रॅडली विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि हवाई दलात अधिकारी झाले. वैमानिक झाल्यावर ऐन बाविशीत ते पश्चिम जर्मनीत होते. तिथल्या नव्यानं उभ्या राहिलेल्या हवाई दलाच्या वैमानिकांना ते टी-३३ या जेट विमानावर शिकवत. पुढे १९६५ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातून भौतिक रसायनशास्त्रात पीएचडी केली. त्यांच्या नावावर उड्डाणाचे अडीच हजारांहून अधिक तास होते, त्यांतले दोन हजार जेट विमानांवरचे.

जून १९६७ मध्ये त्यांनी एडवर्ड्सच्या चाचणी वैमानिकांच्या शाळेतलं शिक्षण पूर्ण केलं. त्याच महिन्यात हवाई दलाच्या ‘मॅन्ड ऑर्बिटिंग लॅबोरेटरी’ या अंतराळ कार्यक्रमासाठी त्यांची निवड झाली. बाहेर सांगायला ती कक्षेतली प्रयोगशाळा होती. प्रत्यक्षात तिथून दोन अंतराळवीरांनी मोठ्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यानं शत्रुराष्ट्रांची छायाचित्रं टिपायची होती. अमेरिकेच्या कोणत्याही राष्ट्रीय अंतराळ कार्यक्रमात अंतराळवीर म्हणून निवडले गेलेले लॉरेन्स हे पहिले कृष्णवर्णीय. त्या कार्यक्रमात निवडलेल्या वैमानिकांमध्ये डॉक्टरेट असलेलेही ते एकटेच होते. निवडीनंतर सहा महिन्यांच्या आत ते गेले.

खडा उतार कशासाठी?

प्रवासी विमान धावपट्टीकडे येतं तेव्हा त्याचा उतार सुमारे ३ अंशांचा असतो. इंजिनं चालू असतात. उंची कमी पडली तर थोडा जोर वाढवायचा, जास्त झाली तर कमी करायचा. उतरणं मनासारखं जमत नाहीसं वाटलं तर पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचं आणि फेरी मारून परत यायचं. हवाई प्रवास सुरक्षित राहतो त्यात या दुसऱ्या संधीचा वाटा मोठा आहे.

अंतराळाच्या उंबरठ्यावरून परतणाऱ्या पंखांच्या यानाला ही संधी नसते. एक्स-१५ हे रॉकेट विमान त्याचं त्या काळातलं ठळक उदाहरण. बी-५२ बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखालून ते हवेत सोडलं जाई. त्याचं रॉकेट दीड मिनिटाच्या आसपास जळे. त्यानंतर सगळा प्रवास इंजिनाविना. पंख आखूड, वजन भरपूर. परतीच्या वाटेवर वैमानिकाजवळ उरे ती फक्त उंची आणि गती. ती दोन्ही पुरवून पुरवून वापरायची आणि एडवर्ड्सजवळच्या सपाट कोरड्या तळ्यावर एकाच प्रयत्नात उतरायचं.

लॉरेन्स ज्या कार्यक्रमासाठी निवडले गेले होते, त्यातले अंतराळवीर जेमिनी नावाच्या कुपीतून पॅराशूटनं समुद्रात उतरणार होते. त्यांना स्वतःला या कौशल्याची त्या मोहिमेत गरज पडणार नव्हती. पण पुढची अंतराळयानं पंखांची असतील आणि ती धावपट्टीवर उतरतील, असा एडवर्ड्सवरच्या लोकांचा होरा होता. म्हणून तिथल्या शाळेत खड्या उताराचा पाठ होता आणि तो शिकवणारे अनुभवी वैमानिकही होते.

हे काम किती धोक्याचं होतं, ते त्याच महिन्यांत दिसलं होतं. लॉरेन्स यांच्या अपघाताच्या २३ दिवस आधी, १५ नोव्हेंबर १९६७ रोजी, मायकेल ॲडम्स एक्स-१५ उडवताना मरण पावले. तेही आधी कक्षेतल्या याच प्रयोगशाळेच्या कार्यक्रमात, पहिल्या तुकडीत निवडले गेलेले वैमानिक.

एफ-१०४ हेच विमान का?

लॉकहीड कंपनीचं एफ-१०४ स्टारफायटर पहिल्यांदा उडालं १९५४ मध्ये. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाण्यासाठी ते बनवलं होतं आणि त्या एका हेतूपायी बाकी सगळं पणाला लावलेलं होतं. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत मोजले तरी जेमतेम साडेसहा मीटर भरत. पंखांची पुढची कडा इतकी पातळ की विमान जमिनीवर उभं असताना तिच्यावर आवरण चढवून ठेवत, नाहीतर आसपास काम करणाऱ्यांना ती कापायची.

एवढ्या आखूड पंखांवर विमान हवेत टिकतं ते वेगाच्या जोरावर. वेग कमी झाला की पंखांची उचल झपाट्यानं घटते. उतरताना तरी ती पुरावी म्हणून अभियंत्यांनी एक युक्ती केली होती. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबाची हवा काढून ती पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांवरून, म्हणजे फ्लॅप्सवरून, वाहवायची. त्यामुळे वारा फ्लॅपला धरून राहतो आणि उचल वाढते. पण ही मदत इंजिन पुरेशा जोरात फिरत असेल तरच मिळते. इंजिन मंद ठेवून उतरायचा सराव करताना नेमकी तीच कमी पडते.

सरावासाठी मात्र हे विमान सोयीचं होतं. इंजिन मंद करायचं, चाकं आणि फ्लॅप्स खाली सोडायचे, हवेतले ब्रेक उघडायचे. मग हवेचा रोध इतका वाढतो की एफ-१०४ जवळजवळ एक्स-१५ सारखंच खाली येऊ लागतं. एक्स-१५ चे वैमानिकही आपल्या उड्डाणाआधी याच विमानावर असे उतार पुन्हा पुन्हा घेत.

उतरताना नेमकं काय घडतं

इथे थोडी आकडेमोड करू. हे आकडे त्या दिवशीच्या विमानाचे नाहीत. अशा उतरण्याचा अंदाज यावा म्हणून घेतलेले आहेत.

समजा पंखांची उचल हवेच्या रोधाच्या चौपट आहे. मग इंजिनाशिवाय विमान ४ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली येतं. हा उतार होतो सुमारे १४ अंशांचा. वेग धरू ३०० नॉट, म्हणजे ताशी साधारण ५५५ किलोमीटर. या हिशेबानं विमान दर सेकंदाला सुमारे ३७ मीटर खाली जातं. बारा मजली इमारतीची उंची एका सेकंदात संपते. प्रवासी विमान धावपट्टीकडे येताना सेकंदाला चार मीटरांच्याही आत उतरत असतं. म्हणजे खाली येण्याची गती जवळपास दहापट झाली.

या गतीनं जमिनीला भिडलं तर काहीच उरणार नाही. म्हणून जमिनीच्या बऱ्याच वरूनच नाक उचलायला सुरुवात करावी लागते. वैमानिक याला फ्लेअर म्हणतात. नियंत्रणाची काठी मागे ओढली की पंख वाऱ्याला जास्त कोनात सामोरे जातात, उचल वाढते आणि खड्या उताराची वाट हळूहळू आडवी होत जाते. चाकं टेकतात तेव्हा खाली जाण्याची गती सेकंदाला मीटरभर राहिलेली असावी, असा हिशेब.

आता उचल वजनाच्या दीडपट केली, असं धरू. त्यातली एक पट वजन तोलण्यात जाते आणि उरलेली अर्धी विमानाचं खाली येणं थोपवते. या हिशेबानं ते सेकंदाला ३७ मीटरवरून शून्याजवळ आणायला साडेसात सेकंद लागतात आणि सुमारे १४० मीटर उंची खर्ची पडते. म्हणजे नाक उचलण्याचा क्षण जमिनीपासून १४० मीटरांवर आहे.

तो क्षण एका सेकंदानं चुकला तर ३७ मीटर गेले, उरले शंभराच्या आसपास. तेवढ्यात थांबायचं तर उचल वजनाच्या पावणेदोनपट लागेल. दोन सेकंद चुकले तर उरले ६५ मीटरांच्या आसपास आणि उचल हवी दुपटीहून जास्त. तीन सेकंद चुकले तर उरले ३० मीटरांच्या आत आणि उचल हवी साडेतीनपटीच्या जवळपास. उशीर सेकंदासेकंदानं वाढतो, पण त्याची किंमत दर सेकंदाला आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त होत जाते. आणि आखूड पंखांच्या विमानाकडून एकदम इतकी उचल मागितली की वारा पंखाला सोडतो. मग काठी कितीही मागे ओढली तरी विमान खाली बसतच राहतं.

मग इंजिनाचा जोर का वाढवत नाहीत? इंजिन तर चालूच असतं. पण त्या काळच्या जेट इंजिनाला मंद फिरण्यापासून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद लागत. थ्रॉटल पुढे ढकलल्यावर जोर येईपर्यंत जी उंची जाते, ती आधीच शिलकीत असावी लागते. उतरणं सोडून पुन्हा वर जायचा निर्णय त्यामुळे बराच वर, सगळं ठीक दिसत असतानाच घ्यावा लागतो. खाली आल्यावर तो निर्णय हाताशी उरत नाही.

मागच्या खुर्चीतला माणूस

शिकवणाऱ्याचं काम इथे सर्वांत अवघड होतं. मागच्या आसनावरून समोरची धावपट्टी पुढच्याइतकी मोकळी दिसत नाही. काठी आणि थ्रॉटल दोघांपुढेही असतात, पण हात पुढच्याचे चालत असतात. शिकणाऱ्यानं नाक कधी उचलायचं हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता यायला हवं, म्हणून तर हा पाठ. शिकवणाऱ्यानं दर वेळी सेकंदभर आधीच ताबा घेतला तर समोरचा कधीच शिकणार नाही. त्यानं वाट पाहिली, तर ती वाट पाहण्यातच ३७ मीटर जातात.

शिकवणाऱ्याला चूक सुधारायला जो वेळ मिळतो, तो शिकणाऱ्याच्या उशिरातून उरलेला असतो. आधी शिकणाऱ्याचा हात हलत नाही हे दिसायला हवं. मग तो आता हलवणार नाही अशी खात्री व्हायला हवी. मग आपला हात काठीवर घट्ट व्हायला हवा आणि शेवटी विमानानं प्रतिसाद द्यायला हवा. यातल्या प्रत्येक पायरीला माणसाला वेळ लागतो. कितीही निष्णात असला तरी लागतोच. साध्या विमानात, ३ अंशांच्या उतारावर, हा वेळ मिळतो. खड्या उतारावर शेवटच्या शंभर मीटरांत तो मिळत नाही. म्हणून या अपघाताचं खापर दोघांपैकी एकाच्या कौशल्यावर फोडणं मला पटत नाही. त्या पाठाची रचनाच अशी होती की चुकीला आणि तिच्या दुरुस्तीला मिळून दोन-तीन सेकंद होते, आणि त्या सेकंदांच्या टोकाला खरी जमीन होती.

एक वाचला, दुसरा का नाही?

इजेक्शन सीट म्हणजे खाली स्फोटक किंवा रॉकेट बसवलेली खुर्ची. दांडी ओढली की वरची काच उडते आणि माणसाला घेऊन खुर्ची रुळांवरून बाहेर फेकली जाते. पुढे माणूस खुर्चीपासून सुटा होतो आणि पॅराशूट उघडतं. या सगळ्याला एक अट आहे. खुर्ची फेकली जाते ती विमानाच्या वरच्या दिशेला. विमान सरळ असेल तर ती दिशा आकाशाकडे असते. कलंडलेल्या विमानात ती क्षितिजाकडे असते आणि उलट्या विमानात जमिनीकडे.

एफ-१०४ च्या पहिल्या विमानांत तर खुर्ची खालच्या दिशेनं फेकली जाई, कारण वर गेलेला वैमानिक उंच शेपटीवर आदळेल अशी भीती होती. जुलै १९५८ मध्ये एडवर्ड्सवरच इव्हेन किंचेलो या नामवंत चाचणी वैमानिकाचं एफ-१०४ उड्डाणानंतर लगेच बंद पडलं. खाली फेकलं जाण्याइतकी उंची नव्हती. विमान उलटं करून सुटायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते वाचले नाहीत. नंतर या विमानात वर फेकणाऱ्या खुर्च्या आल्या. लॉरेन्स यांच्या विमानात त्याच होत्या.

दोन आसनांच्या विमानात आणखी एक अडचण असते. दोन्ही खुर्च्या एकाच क्षणी सुटल्या तर त्या हवेत एकमेकींवर आदळू शकतात. म्हणून त्यांच्या सुटण्यात थोडं अंतर ठेवावं लागतं. एडवर्ड्सच्या धावपट्टीवर त्या दिवशी हेच अंतर जीवघेणं ठरलं. अपघाताच्या प्रसिद्ध वर्णनांनुसार पुढची खुर्ची सुटली तेव्हा ती वर गेली. मागची सुटेपर्यंत विमान कलंडलेलं होतं आणि ती आडवी फेकली गेली. लॉरेन्स जागीच गेले. दोघांना वाचवण्यासाठी ठेवलेला क्षण दोघांपैकी एकालाच उपयोगी पडला.

तीस वर्षं न कोरलेलं नाव

फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रावर ‘स्पेस मिरर’ हे ग्रॅनाइटचं भव्य स्मारक आहे. कर्तव्यावर असताना मरण पावलेल्या अंतराळवीरांची नावं त्यावर कोरलेली आहेत. स्मारक १९९१ मध्ये उभं राहिलं. मायकेल ॲडम्स यांचं नाव त्यावर आलं, कारण आपल्या अखेरच्या उड्डाणात ते ५० मैलांच्या वर पोहोचले होते आणि अमेरिकी हवाई दलाच्या व्याख्येनुसार तिथे अंतराळ सुरू होतं. लॉरेन्स तितके उंच कधी गेले नव्हते, म्हणून त्यांचं नाव नव्हतं. कुटुंबीय आणि अभ्यासकांनी पाठपुरावा केला. हवाई दलानं त्यांना अंतराळवीर म्हणून मान्यता दिली आणि ८ डिसेंबर १९९७ रोजी, अपघाताला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, त्यांचं नाव तिथे कोरलं गेलं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघालेल्या सिग्नस मालवाहू यानाला त्यांचं नाव देण्यात आलं.

ज्या कार्यक्रमासाठी ते निवडले गेले होते, तो जून १९६९ मध्ये माणूस न पाठवताच बंद झाला. त्यातले वयाच्या अटीत बसणारे तरुण सात वैमानिक नासानं घेतले. त्या अटीत लॉरेन्सही बसले असते. ते सातही जण पुढे स्पेस शटलमधून अंतराळात गेले. लॉरेन्स यांच्यासह निवडल्या गेलेल्या चौघांपैकी डोनाल्ड पीटरसन हे १९८३ च्या एप्रिलमध्ये गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गायन ब्लूफर्ड अंतराळात जाणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी ठरले.

तोच उतार, वेगळा सराव

खड्या उताराबद्दलचा होरा खरा ठरला. स्पेस शटल परतताना इंजिनाशिवाय, १८ ते २० अंशांच्या उतारानं, ३०० नॉटच्या आसपास वेगानं खाली येई. सुमारे ६०० मीटर उंचीवर नाक उचलायला सुरुवात होई. पहिलं शटल १४ एप्रिल १९८१ रोजी उतरलं तेही एडवर्ड्सच्याच कोरड्या तळ्यावर. त्यातले वैमानिक रॉबर्ट क्रिपेन हे नासानं घेतलेल्या त्या सातांपैकी एक.

शटलच्या वैमानिकांसाठी नासानं ग्रुमन कंपनीची गल्फस्ट्रीम-२ ही छोटी जेट विमानं बदलून घेतली होती. त्यांत डाव्या बाजूला शटलसारखी नियंत्रणं बसवली. मुख्य चाकं खाली सोडून आणि इंजिनांचा जोर हवेतच उलटा करून हे विमान शटलच्या खड्या उतारानं खाली आणत. शेजारी शिकवणारा वैमानिक नेहमीच्या नियंत्रणांसमोर बसलेला असे. शटलच्या कमांडरला असे किमान १,००० उतार घ्यावे लागत.

या सरावात एक गोष्ट फार महत्त्वाची होती. शटलचं कॉकपिट जमिनीपासून बरंच उंच असे. शटलची चाकं टेकत तेव्हा वैमानिकाचे डोळे धावपट्टीपासून ३२ फुटांवर असत. म्हणून सरावाच्या विमानात डोळे ३२ फुटांवर आले आणि वेग बरोबर असला की पुढ्यातला हिरवा दिवा लागे. त्या हिशेबात शटल उतरलेलं असे. खरं विमान मात्र अजून जमिनीपासून २० फुटांवर उडत असे. शिकवणारा लगेच उलटा जोर बंद करी आणि विमान वर घेई. ही उंची आली ती शटलच्या बांधणीमुळे. पण तिच्यामुळे हजारो वेळा घेतलेल्या या पाठाचा शेवट हवेत झाला, आणि शेवटच्या क्षणी जराशी चूक झाली तरी ती सुधारायला खाली सहा मीटर जागा राहिली.

शिकणारा चुकणार हे प्रत्येक शिक्षणाचं गृहीत असतं. तो चुकत नसता तर त्याला शिकवायची गरजच नव्हती. म्हणून सराव खऱ्याइतका अवघड असावा, पण त्याचा शेवट खऱ्या जमिनीच्या वर असावा. शिकणाऱ्याच्या चुकीला आणि शिकवणाऱ्याच्या दुरुस्तीला दोघांना पुरेल एवढी जागा पाठातच राखून ठेवणं, हे पाठ आखणाऱ्याचं काम आहे. रॉबर्ट लॉरेन्स यांच्या त्या दिवशीच्या पाठात ती जागा राखलेली नव्हती.